(१, ०) कुठे गेला? निर्देशकांच्या नियमांनी आकृत्या सरकवणं, उलटवणं, फिरवणं

नव्वद अंशांत फिरवल्यावर (क्ष, य) हा बिंदू (−य, क्ष) ला जातो की (य, −क्ष) ला? ज्याला हा प्रश्न ऐन पेपरात पडतो, त्याने बहुधा नियमांचा तक्ता पाठ केलेला असतो. दहा-बारा नियम, कुठे उणे चिन्ह, कुठे अदलाबदल, आणि सगळे एकमेकांचे जुळे भाऊ दिसतात. म्हणून आधीच सांगून टाकतो: तक्ता पाठ करू नका. (१, ०) आणि (०, १) या दोन बिंदूंवर नजर ठेवा. ते कुठे गेले हे कळलं की बहुतेक नियम स्वतः लिहिता येतात, आणि लिहिलेला नियम बरोबर आहे का हेही तेच दोघे सांगतात.

आलेख कागद, पेन्सिल आणि जमल्यास पारदर्शक कागदाचा एक तुकडा जवळ घ्या. लेखभर एकच त्रिकोण वापरू: अ(१, १), ब(४, २), क(२, ५). याच्या तिन्ही बाजू वेगवेगळ्या लांबीच्या आहेत. हे मुद्दाम केलंय. चौरस किंवा समभुज त्रिकोण घेतला तर चुकीचं उत्तरही बरोबर दिसू शकतं, कारण अशा आकृत्या फिरवल्या तरी पुन्हा तशाच दिसतात. सराव नेहमी वेड्यावाकड्या आकृतीवर करावा.

नियम वाचायचा कसा

(क्ष, य) → (क्ष + ३, य − १) याचा अर्थ असा: कुठलाही बिंदू घ्या, त्याच्या पहिल्या निर्देशकात ३ मिळवा, दुसऱ्यातून १ वजा करा, जे मिळेल ते त्या बिंदूचं नवं ठिकाण. बाणाच्या डावीकडे मूळ बिंदू, उजवीकडे त्याची प्रतिमा. प्रतिमेला आपण अ′, ब′, क′ म्हणू.

इथे क्ष आणि य ही नावं आहेत ती फक्त जागा दाखवायला. −क्ष दिसलं की ‘ऋण संख्या’ असं मनात येतं, ते आधी काढून टाका. −क्ष म्हणजे क्ष ची विरुद्ध संख्या. क्ष जर −४ असेल तर −क्ष म्हणजे ४. चिन्हांच्या निम्म्या चुका या एका गैरसमजातून होतात.

नियम एकेका बिंदूसाठी असतो आणि आकृतीत तर अगणित बिंदू असतात. मग फक्त शिरोबिंदू हलवून काम कसं भागतं? या लेखातले सगळे नियम सरळ रेषेला सरळ रेषेतच नेतात, म्हणून भागतं. शिरोबिंदूंच्या प्रतिमा काढायच्या आणि पट्टीने जोडायच्या. प्रत्येक नियमाला मात्र ही सवलत नसते. (क्ष, य) → (क्ष², य) घ्या. (०, ०) जागीच राहतो, (२, २) जातो (४, २) ला. या दोघांच्या मधला (१, १) मात्र (१, १) लाच राहतो, नव्या टोकांचा मध्यबिंदू असतो (२, १). म्हणजे सरळ रेषाखंड वाकला. नियमात क्ष आणि य फक्त एखाद्या संख्येने गुणलेले किंवा बेरीज-वजाबाकीत असतील, वर्ग किंवा एकमेकांशी गुणाकार नसेल, तर पट्टी बिनधास्त वापरा.

सरकवणं

सगळ्यात सोपा प्रकार, यावर फार वेळ घालवायला नको. (क्ष, य) → (क्ष + म, य + न): म धन असेल तर उजवीकडे, ऋण असेल तर डावीकडे, न धन असेल तर वर, ऋण असेल तर खाली. (क्ष − ५, य + २) लावला की आपला त्रिकोण अ′(−४, ३), ब′(−१, ४), क′(−३, ७) इथे येतो. उलट, दोन आकृत्या देऊन नियम विचारला तर प्रतिमेतून मूळ वजा करायचं. ही वजाबाकी तिन्ही शिरोबिंदूंवर करून बघा. तिन्ही ठिकाणी उत्तर सारखं आलं तरच ते सरकवणं.

एक फसवी जागा मात्र आहे. य = २क्ष ही रेषा ३ एकक उजवीकडे सरकवली तर नवं समीकरण य = २(क्ष − ३) होतं. नियमात अधिक तीन आणि समीकरणात उणे तीन! कारण साधं आहे. नियम जुन्या बिंदूपासून नव्याकडे जातो. समीकरण नव्या बिंदूला विचारतं, ‘तू कुठून आलास?’ आणि त्याचं उत्तर ‘तीन घरं मागून’ असं असतं. पडताळा घ्या: (१, २) हा मूळ रेषेवरचा बिंदू (४, २) ला गेला. २ × (४ − ३) = २, जुळलं. अधिक चिन्ह ठेवलं असतं तर १४ आले असते.

आरशातली आकृती

आडव्या क्ष-अक्षावर आरसा ठेवला आहे असं समजा. (१, ०) आरशावरच आहे, तो हलत नाही. (०, १) खाली (०, −१) ला जातो. म्हणून नियम (क्ष, य) → (क्ष, −य). उभ्या य-अक्षावर आरसा असेल तर (−क्ष, य). इथे घोळ नेहमी एकच होतो: क्ष-अक्षातलं परावर्तन म्हटलं की हात क्ष चं चिन्ह बदलायला जातो. बदलतो तो दुसरा अंक. आरशाच्या रेषेच्या दिशेने काहीच हलत नाही, तिच्या आरपार जे असतं तेच उलटतं.

तिरप्या आरशांपैकी दोन कामाचे. य = क्ष या रेषेत (१, ०) आणि (०, १) एकमेकांच्या जागी जातात, म्हणून नियम (य, क्ष). य = −क्ष या रेषेत (१, ०) जातो (०, −१) ला आणि (०, १) जातो (−१, ०) ला, म्हणून (−य, −क्ष). पहिल्याची खात्री हवी असेल तर (४, २) आणि (२, ४) यांचा मध्यबिंदू काढा: (३, ३), आरशाच्या रेषेवर. दोघांना जोडणाऱ्या रेषेचा चढ −१ येतो, आरशाचा १. गुणाकार −१, म्हणजे काटकोन. आरसा हा बिंदू आणि त्याची प्रतिमा यांना जोडणाऱ्या रेषाखंडाचा लंबदुभाजक असतो, हीच परावर्तनाची खरी व्याख्या. बाकी सगळे नियम त्यातून निघतात.

आरसा अक्षावर नसून क्ष = ३ या उभ्या रेषेवर असेल तर? बिंदूचा आणि प्रतिमेचा पहिला निर्देशक यांची सरासरी ३ यायला हवी, म्हणजे बेरीज ६. नियम झाला (६ − क्ष, य). आपला त्रिकोण अ′(५, १), ब′(२, २), क′(४, ५) इथे जातो. ब आरशाच्या एक घर उजवीकडे होता, आता एक घर डावीकडे. थोडक्यात क्ष = म या आरशासाठी (२म − क्ष, य), आणि य = न या आडव्या आरशासाठी (क्ष, २न − य).

आता आकृतीभोवती बोट फिरवून पाहा. मूळ त्रिकोणात अ, ब, क या क्रमाने जाताना बोट घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरतं, प्रतिमेत ते काट्यांच्या दिशेने फिरेल. हा वळणाचा फरक पुढे ओळखपरेडीला लागणार आहे.

फिरवणं

प्रथा अशी की नुसतं ‘९० अंश’ म्हटलं तर काट्यांच्या उलट दिशेने. केंद्र आरंभबिंदू धरू.

आता सुरुवातीच्या प्रश्नाचं उत्तर. (१, ०) पाव फेरा मारून (०, १) ला पोचतो. (०, १) पाव फेरा मारून (−१, ०) ला पोचतो. आणि (क्ष, य) हा बिंदू म्हणजे पहिल्या दिशेने क्ष पावलं आणि दुसऱ्या दिशेने य पावलं. सगळा कागदच फिरतो आहे, त्यामुळे पावलांची संख्या तीच राहते, दिशा तेवढ्या बदलतात. क्ष पावलं आता वर जातील, य पावलं डावीकडे. म्हणून नवं ठिकाण (−य, क्ष). एवढंच. तोंडपाठ करण्यासारखं यात काही उरत नाही.

अर्धा फेरा: दोघेही आपल्या विरुद्ध टोकाला, नियम (−क्ष, −य). काट्यांच्या दिशेने पाव फेरा, किंवा उलट दिशेने २७० अंश: (१, ०) खाली, (०, १) उजवीकडे, नियम (य, −क्ष). य = क्ष मधलं परावर्तन आणि पाव फेरा या दोन्हींत अंकांची अदलाबदल होते, म्हणून मुलं त्यांत गोंधळतात. अदलाबदलीबरोबर एकच चिन्ह बदललं असेल तर फिरवणं, एकही बदललं नाही किंवा दोन्ही बदलली तर आरसा.

पारदर्शक कागदावर त्रिकोण आणि अक्ष गिरवा, आरंभबिंदूवर पेन्सिलीचं टोक दाबून कागद पाव फेरा फिरवा. अ′(−१, १), ब′(−२, ४), क′(−५, २) दिसायला हवेत. डोळ्यांनी एकदा पाहिलेलं दहा वेळा वाचलेल्यापेक्षा पक्कं बसतं, असा माझा तरी अनुभव आहे.

इतर कोनांसाठीही युक्ती तीच. (१, ०) कुठल्याही कोनातून फिरला की तो (कोज्या, ज्या) ला जातो, (०, १) जातो (−ज्या, कोज्या) ला. ज्या (साइन) आणि कोज्या (कोसाइन) अर्थात त्या कोनाच्या. म्हणून नियम (क्ष × कोज्या − य × ज्या, क्ष × ज्या + य × कोज्या). ६० अंशांसाठी कोज्या अर्धी आणि ज्या √३ भागिले २, त्यामुळे (२, ०) जातो (१, √३) ला. कोन ९० ठेवलात तर कोज्या ० आणि ज्या १, आणि पुन्हा (−य, क्ष) समोर येतं.

केंद्र दुसरीकडे असेल तर तीन पायऱ्या: केंद्र आरंभबिंदूवर आणा, फिरवा, परत न्या. केंद्र (२, १), पाव फेरा, काट्यांच्या उलट:

(क्ष, य) → (क्ष − २, य − १) → (−(य − १), क्ष − २) → (३ − य, क्ष − १)

शेवटच्या पायरीत पहिल्या अंकाला २ आणि दुसऱ्याला १ परत मिळवले. कंस विसरू नका. −(य − १) म्हणजे १ − य. इथे −य − १ लिहिणारे कमी नाहीत. पडताळा एका क्षणाचा आहे: केंद्र स्वतः हलता कामा नये. (२, १) घातला की (३ − १, २ − १) = (२, १). ठीक. आता शिरोबिंदू: अ′(२, ०), ब′(१, ३), क′(−२, १). क केंद्राच्या बरोबर चार घरं वर होता, आता चार घरं डावीकडे आहे.

मोठं करणं, ताणणं, तिरकं करणं

इथवर आकृती एकरूप राहिली. (क्ष, य) → (२क्ष, २य) लावलं की त्रिकोण (२, २), (८, ४), (४, १०) असा होतो. कोन तेच, बाजू दुप्पट, क्षेत्रफळ मात्र चौपट: साडेपाच चौरस एककांचं बावीस. गुणक १ पेक्षा लहान असेल तर आकृती आकसते. गुणक ऋण असेल तर? (−२क्ष, −२य) म्हणजे दुप्पट करून अर्धा फेरा.

केंद्र दुसरं असेल तर पुन्हा तीच तीन पायऱ्यांची वाट. केंद्र अ(१, १) आणि गुणक ३ घेतला तर (३क्ष − २, ३य − २). अ जागीच, ब′(१०, ४), क′(४, १३).

दोन्ही अंकांना वेगवेगळ्या संख्येने गुणलं तर समरूपता जाते. (२क्ष, य) मध्ये आकृती आडवी ताणली जाते, वर्तुळाचं लंबवर्तुळ होतं. आणि (क्ष + य, य) हा तर गमतीशीर नियम: जितकं वर, तितकं उजवीकडे झुकणं. चौरसाचा समांतरभुज चौकोन होतो, कोन बदलतात, पण क्षेत्रफळ तसूभरही बदलत नाही, कारण पाया आणि उंची तीच राहते. छपाईतली बरीच तिरकी अक्षरं सरळ अक्षरांवर असाच नियम लावून बनवलेली असतात.

या सगळ्यांसाठी एकच गुपित आहे. नियम (प·क्ष + फ·य, त·क्ष + थ·य) असा लिहा आणि प × थ − फ × त काढा. ज्यांनी एकसामयिक समीकरणं सोडवली आहेत त्यांना हा निश्चयक ओळखीचा वाटेल. त्याचं चिन्ह सोडून उरलेली संख्या क्षेत्रफळ किती पट झालं ते सांगते. चिन्ह ऋण असेल तर आकृतीचं वळण उलटलं. (य, क्ष) साठी ० × ० − १ × १ = −१: क्षेत्रफळ तेच, वळण उलट, म्हणजे आरसाच. (−य, क्ष) साठी ० × ० − (−१) × १ = १: वळण तेच. आणि उत्तर ० आलं तर सगळी आकृती चिरडून एका रेषेत किंवा एका बिंदूत जमा होते. काय बदललं यापेक्षा काय टिकलं हे बघण्याची ही नजर लहान नव्हे. १८७२ मध्ये जर्मन गणिती फेलिक्स क्लाइन यांनी भूमितीची व्याख्याच अशी मांडली, की ठरावीक रूपांतरणांनंतर जे गुणधर्म टिकतात त्यांचा अभ्यास म्हणजे भूमिती.

एकामागून एक

शर्टावर स्वेटर आणि स्वेटरवर शर्ट यांत फरक आहे, तसा इथेही आहे. आधी ४ घरं उजवीकडे सरकवा, मग उभ्या अक्षात उलटवा: (क्ष, य) → (क्ष + ४, य) → (−क्ष − ४, य). क्रम बदला: (क्ष, य) → (−क्ष, य) → (−क्ष + ४, य). अ(१, १) एका वाटेने (−५, १) ला पोचला, दुसऱ्या वाटेने (३, १) ला. प्रश्नात ‘नंतर’, ‘त्याआधी’ असे शब्द आले की त्यांच्याखाली रेघ मारा.

दोन आरसे एकामागून एक लावण्याचा खेळ जरूर करून पाहा. क्ष = १ आणि मग क्ष = ४: पहिल्याने (२ − क्ष, य), दुसऱ्याने ८ − (२ − क्ष), म्हणजे (क्ष + ६, य). दोन आरसे मिळून चक्क सरकवणं झालं, आणि तेही आरशांमधल्या अंतराच्या दुप्पट! आरसे समांतर नसून छेदत असतील तर? आधी क्ष-अक्ष, मग य = क्ष: (क्ष, −य), त्यानंतर (−य, क्ष). हा तर पाव फेरा. दोन आरशांमधला कोन ४५ अंश, फेरा त्याच्या दुप्पट. सरकवणं आणि फिरवणं दोन्ही आरशांच्या जोड्यांतून निघतात. खरं तर लांबी न बदलणारं प्रतलातलं कुठलंही रूपांतरण जास्तीत जास्त तीन आरशांत बसतं.

(क्ष + ३, −य) सारख्या नियमात उलटवण्याबरोबर आरशाच्या दिशेनेच सरकणंही असतं. ओल्या वाळूत चालताना डाव्या-उजव्या पावलांचे ठसे जसे उमटतात, तसा.

संगणकावर चित्रं काढणाऱ्यांना एक इशारा: पडद्यावर आरंभबिंदू सहसा वरच्या डाव्या कोपऱ्यात असतो आणि य खालच्या दिशेने वाढतो. तिथे (−य, क्ष) लावलंत की चित्र घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरताना दिसेल. सूत्र चुकलेलं नसतं, अक्ष उलटा असतो.

दोन चित्रं दिली, नियम शोधा

खरी परीक्षा ही. अ(१, १), ब(४, २), क(२, ५) हे बिंदू अ′(४, ०), ब′(५, −३), क′(८, −१) ला गेले. काय झालं?

आधी लांब्या. अ कडून ब कडे जाताना ३ उजवीकडे, १ वर: √१०. अ′ कडून ब′ कडे १ उजवीकडे, ३ खाली: पुन्हा √१०. बाकीच्या दोन बाजूही √१३ आणि √१७ अशाच जुळतात. म्हणजे मोठं-लहान किंवा ताणणं नाही.

मग वळण. अ′, ब′, क′ या क्रमाने बोट फिरवा: काट्यांच्या उलटच. म्हणजे आरसा नाही. उरले सरकवणं आणि फिरवणं. अब ची (३, १) ही चाल बदलून (१, −३) झाली, म्हणून नुसतं सरकवणं नाही. (३, १) वरून (१, −३) कसं आलं? अदलाबदल, आणि दुसऱ्याचं चिन्ह बदललं: (य, −क्ष), काट्यांच्या दिशेने पाव फेरा. अक ची चाल (१, ४) होती, ती (४, −१) झाली, तीही साक्ष देते.

आता नुसता (य, −क्ष) लावला तर अ जाईल (१, −१) ला. जायला हवा (४, ०) ला. कमी पडले ३ आणि १. नियम तयार: (क्ष, य) → (य + ३, १ − क्ष). ब वर तपासा: (२ + ३, १ − ४) = (५, −३). क वर: (५ + ३, १ − २) = (८, −१). दोन्ही जुळतात.

फेरा कुठल्या केंद्राभोवती झाला हेही काढता येतं, कारण केंद्र म्हणजे न हलणारा बिंदू. क्ष = य + ३ आणि य = १ − क्ष. दुसऱ्यातला य पहिल्यात घातला की क्ष = ४ − क्ष, म्हणून क्ष = २, य = −१. पारदर्शक कागदावर त्रिकोण गिरवा, पेन्सिलीचं टोक (२, −१) वर दाबा आणि कागद काट्यांच्या दिशेने पाव फेरा फिरवा. अ बरोबर (४, ०) वर जाऊन बसेल.